दुपारचं ठिबक

दयानंदचं वागणं बघा. नांदेडला कॉलेजात पोरांना शिकवतो, चारचौघांत सर सर म्हणून घेतो, आणि उदगीरजवळच्या खेड्यात माय एकटी बसलेली असते, तिला फोन कधी करतो, तर तिची साखर वर गेली की, नाहीतर खाली आली की. साखर जागच्या जागी असली म्हणजे माय जगली काय नि मेली काय, साहेबांचा फोन मुका. आणि केला तरी बोलतो काय? "माय, दोनशे चाळीस दिसायलंय. काय खाल्लीस? पाणी पी. जरा चाल. ठेवतो." झालं. किराणा दुकानातला माणूससुद्धा याच्यापेक्षा दोन शब्द जास्त बोलतो, निदान पिशवी आणली का म्हणून तरी विचारतो.

हे गाऱ्हाणं तुळजाबाईनं गावात कुणापाशी केलं नव्हतं. लेकाची तक्रार शेजारणीजवळ करणाऱ्या बायांना ती आजवर उभ्या उभ्या सोलून काढत आली होती. पोटचं पोरगं आवरत न्हाई आन् गावाला सांगत फिरती, असं तिनं ज्यांना तोंडावर सुनावलं होतं त्या सगळ्या अजून जित्या होत्या. त्यामुळं जे काय बोलायचं ते ती म्हशीजवळ बोलायची, नाहीतर भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोजवळ. फोटो ऐकून घ्यायचा. जिवंतपणी त्या माणसानं एवढं कधी ऐकून घेतलं नव्हतं.

आजाराचंही तिनं असंच केलं होतं. पोट दुखतंय ते वर्षभर अंगावर काढलं, आणि शेवटी लातूरच्या डॉक्टरानं पोट उघडून स्वादुपिंड काढूनच टाकलं. ते गेलं तसं अंगात इन्सुलिन तयार व्हायचं बंद झालं. मग सुया सुरू झाल्या. सुयांचा मेळ दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा ती बेशुद्ध पडून राहिली, एकदा चुलीपुढं, एकदा गोठ्यात. गोठ्यात पडली तेव्हा शिवकांता धार काढायला आली म्हणून जीव वाचला. शिवकांता म्हणजे तिचं शेत बटईनं करणाऱ्या बसलिंगप्पाची बायको. दोन घरं टाकून राहायची.

त्या दिवशी दयानंद गाडी काढून धावत आला होता. "माय, आता नांदेडला चल," म्हणाला.

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर येऊन मी काय करू? गॅलरीत बसून लोकाचे कपडे वाळलेले बगू?"

ती येणार नाही हे कळल्यावर त्यानं मशीन आणलं. मोबाइलपेक्षा लहान डबी, कमरेला बांधलेल्या कापडी पिशवीत बसणारी. तिच्यातून एक बारीक नळी निघून पोटाला चिकटलेली. दंडावर रुपयाएवढी चकती, ती सारखी साखर मोजायची. मोजलेला आकडा डबीवर आणि घरातल्या मोबाइलवर यायचा आणि तिथून लगोलग नांदेडला दयानंदच्या मोबाइलवर जायचा. त्या चकतीला तुळजाबाई 'चहाडखोर' म्हणायची.

लातूरच्या डॉक्टरानं समोर बसवून समजावून सांगितलं होतं. "तुमच्या शेतात ठिबक आहे ना? मग सोपं आहे. जेवताना बटण दाबून जे इन्सुलिन घ्यायचं, ते पाटानं पाणी दिल्यासारखं. आणि दिवसरात्र थेंब थेंब जे आपोआप सुटत राहतं, ते ठिबक. त्याला आम्ही बेसल म्हणतो. पहाटे किती थेंब, दुपारी किती, रात्री किती, हे वेगवेगळं लावता येतं. माणसाचा दिवस जसा असेल तसं."

"आन् ते कमीजास्त कुणी करायचं?"

"तुमचा मुलगा सांगेल. मला विचारून, अगदी थोडं थोडं. दोन-चार दिवस आकडे बघायचे आणि मग एक पायरी वर नाहीतर खाली."

ठिबक म्हटल्यावर तुळजाबाईला पुढचं कुणी सांगायची गरज राहिली नाही. पाणी जास्त झालं तर पीक पिवळं पडतं, कमी झालं तर वाळतं.

थंडीच्या सुरुवातीला तिला ताप आला आणि दुपारची साखर चढून बसू लागली. तेव्हा दयानंदनं पहिल्यांदा व्हिडिओवर फोन लावला. "माय, डबी हातात घे. दुपारचं बेसल जरा वाढवायचंय. मी सांगतो तसं बटण दाब."

तुळजाबाईची शाळा दुसरीपर्यंत, आणि डबीवरची अक्षरं सगळी इंग्रजी. तिनं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला, चष्मा पुसला आणि डबी वर धरली.

"अजून जवळ धर. माय, नाकापुढं न्हाई, कॅमेऱ्यापुढं."

"मग तसं सांग की. नाक माझं हाय, कॅमेरा तुझा. मला काय ठाऊक कुठनं बगायलास."

तो हसला. किती दिवसांनी हसला कोण जाणे. बटणं दाबता दाबता डबीचा उजेड विझायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. त्या मधल्या वेळात त्याला काहीतरी बोलणं भाग पडायचं. म्हैस आटली का? हरभरा उगवला का? ही साडी आत्यानं दिलेली का? मागं त्या खुंटीला काय अडकवलंय? तुळजाबाई एकेकाचं सावकाश उत्तर देत होती. ठिबक वाढलं तेव्हा चुलीवरचा चहा आटून निम्मा झाला होता. फोन बंद झाल्यावरही ती मोबाइल मांडीवर घेऊन बसून राहिली. काच कोमट लागत होती.

ताप उतरला. आकडे सुतासारखे सरळ आले आणि फोन पुन्हा मुका झाला.

दुपारी गावात कुणी नसतं. जो तो रानात. उदगीरहून एसटी येते, वडाला वळसा घालते, दोन माणसं उतरवते आणि निघून जाते. तुळजाबाई झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची. मोबाइलवर दयानंदचा फोटो होता, त्याला बोट लावलं की फोन लागतो हे तिला येत होतं. एकदा लावलाही होता. "माय, लेक्चर हाय, करतो नंतर," म्हणून त्यानं ठेवला होता आणि नंतर केला नव्हता. त्यानंतर तिचं बोट त्या फोटोकडं गेलं नाही. मागून घेतलेला फोन तिला नको होता.

मग एक दिवस उन्हं कलताना तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला. चवीसाठी टाकला, असं तिनं स्वतःला सांगितलं. चहा पिऊन होतो न होतो तोच फोन वाजला.

"माय, वर चाललंय."

"चाललंय तर चालू दे की. तू जेवलास का?"

"जेवलो. काय खाल्लीस?"

"काय खाणार? हवा खाल्ली."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा खडा घेतला. तिसऱ्या दिवशीही. मग दयानंदचा व्हिडिओवर फोन आला, डबी कॅमेऱ्यापुढं धरणं झालं, उजेड विझणं झालं, म्हैस, हरभरा, नातीचा, सृष्टीचा अभ्यास, सगळं झालं. ठिबक एक पायरी वर गेलं. चार-दोन दिवस आकडा बरा राहिला, फोन थांबला. तुळजाबाईनं खडा थोडा मोठा केला. ठिबक आणखी एक पायरी वर गेलं.

असं होत होत पौषाची चाहूल लागली. एकदा बटणं दाबता दाबता दयानंद म्हणाला, "डॉक्टर विचारत होते, माय चोरून काही खात तर न्हाई ना? मी म्हणलं, साहेब, तुम्ही माझ्या मायला ओळखत न्हाई. ती सांगितल्यापेक्षा एक घास इकडचा तिकडं करायची न्हाई."

ते ऐकून तुळजाबाईला बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटेनासं झालं. "बटण कोणतं ते सांग," एवढंच ती म्हणाली.

एका दुपारी शिवकांता शेंगा फोडत बसली होती. तिच्या बोलण्याच्या नादात गुळाची वेळ टळली. तुळजाबाईचे हात लटलट कापायला लागले, कपाळाला घाम सुटला, कमरेची डबी ओरडू लागली. तिनं चाचपडत जाऊन दोन खडे तोंडात कोंबले तेव्हा कुठं डोळ्यांपुढचं स्थिर झालं. भिंतीला टेकून बसल्या बसल्या तिला सगळं उमगलं. ठिबक तिच्या अंगाला लावलेलंच नव्हतं, गुळाला लावलं होतं. आता रोज गूळ खाल्ला नाही तर उभं राहता येणार नव्हतं.

एक फोन करून सांगितलं असतं की बाबा, कमी कर, तर मिटलं असतं. पण कमी कर म्हटलं की का म्हणून तो विचारणार. बाकी कशालाही मागं न हटणारी तिची जीभ तेवढ्या एका उत्तराला वळत नव्हती. ती गूळ खात राहिली.

येळवस आली. त्या अमावस्येला उदगीर-लातूरकडं घरात कुणी जेवत नाही, गावच्या गाव शेतात लोटतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पुजायचे, आणि शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबील येईल त्या माणसाला पोटभर वाढायचं. दयानंद येणार होता. तो एकटाच येणार होता. सृष्टीची परीक्षा होती म्हणून ती आणि तिची आई नांदेडलाच. तुळजाबाईनं पहाटेपासून चुलीपुढचं ठाण हलवलं नाही. निघायच्या घाईत मोबाइल चार्जिंगलाच राहिला. गूळही तिनं बरोबर घेतला नाही. लेक समोर असताना कशाला लागतो गूळ? खीर तर होतीच, एक दिवस निभेल, असं तिला वाटलं.

पूजा झाली, पंगत झाली. दयानंद मन लावून जेवला. भज्जी पुन्हा मागून घेतली. येणारे जाणारे सर सर करत भेटून गेले. मग तो कोपीच्या सावलीला घोंगड्यावर कलंडला आणि मोबाइल काढून बसला. कॉलेजात कुणाची तरी ड्युटी बदलायची होती, एक फोन झाला की दुसरा येत होता.

तुळजाबाईनं कितीतरी गोष्टी साठवून ठेवल्या होत्या. विहिरीची नवी मोटार दाखवायची होती. बांधावरचं बोराचं झाड, जे त्यानं चौथीत असताना लावलं होतं, ते यंदा बोरांनी लगडलं होतं.

"दया, चल की, बांधावरनं चक्कर मारून येऊ."

"तू हो पुढं माय, आलोच."

ती पुढं झाली. बोरापाशी जाऊन उभी राहिली. कोपीकडं बघितलं तर तो तसाच कलंडलेला, कानाला मोबाइल. तिनं बोरं तोडून पदरात घेतली आणि आणखी थोडं थांबली. वारं गार सुटलं होतं. उन्हं कलली. परत येताना पिशवीतली डबी कुणकुण करायला लागली तशी तिनं कापडावरूनच चाचपून तिला गप्प केलं. सणाच्या दिवशी लेकापुढं तमाशा नको.

ती येऊन त्याच्या शेजारी बसली. पाठीवरून घाम ओघळत होता, आणि कोप जरा जरा हलल्यासारखी दिसत होती. कोपीच्या सावलीत तिचा नवरा आडवा झाला होता. बरं झालं आला, तिला वाटलं. किती दिवस झाले, दिसलाच नव्हता.

"हणमंतराव, बैल सोडलात का?"

"हं," दयानंद मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

शिवकांता पलीकडं पातेली घासत होती, तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. उखाण्यात सोडलं तर तुळजाबाईनं नवऱ्याचं नाव जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. तो मेल्यावर तलाठ्यापुढंसुद्धा घेतलं नव्हतं, दयानंदला पुढं केलं होतं.

"सर, अक्का मालकाचं नाव घ्यायलीय," शिवकांता म्हणाली. "सर, तिच्याकडं बगा तरी."

पुढचं तुळजाबाईला तुकड्यातुकड्यानं आठवत होतं. कुणीतरी तिला टेकू देऊन धरलं होतं. ओठाला तांब्या लागत होता, पूजेतल्या गुळाचं पाणी हनुवटीवरून चोळीत उतरत होतं. "माय, गीळ. माय, गीळ की गं." तांब्या धरणारे हात एवढे थरथरत होते की निम्मं पाणी सांडत होतं. बसलिंगप्पा कानडीत देवाचं नाव घेत होता. मग हळूहळू कोप जागेवर आली, आणि नवऱ्याच्या जागी घामेजलेला, चष्मा वाकडा झालेला दयानंद दिसू लागला. डबी त्याच्या हातात होती, त्यानं बंद करून ठेवलेली.

"मोबाइल कुठंय तुझा?"

"घरी. चार्जिंगला."

"मग मला आकडा कसा दिसणार माय? मी समजलो तुझ्या मोबाइलला रेंज न्हाई."

"मी दिसायले होते की," तुळजाबाई म्हणाली. आवाज अजून जड होता, पण जीभ जागेवर आली होती. "हातभर अंतरावर."

तो डबीत जुने आकडे वर-खाली करत बसला. "मशीनच बिघडलंय," शेवटी म्हणाला. "दुपारी रोज एवढी साखर वर जायची, आन् आजच कशी काय पडली?"

"आज गूळ खाल्ला न्हाई ना अक्कानं," शिवकांता तांब्या विसळत म्हणाली. "रोज उन्हं कलली की खाती. मला वाटलं डॉक्टरानंच सांगितलंय."

दयानंदनं डबी खाली ठेवली. मायकडं बघितलं. तुळजाबाईनं नजर हटवली नाही.

"गूळ? रोज? आन् मी त्याच्यावर बेसल वाढवत बसलो? माय, तू मेली असतीस. आज इथं मेली असतीस. का खाल्लीस?"

शिवकांता पातेली उचलून विहिरीकडं निघाली, बसलिंगप्पाही बैलांचं निमित्त करून उठला. दोघंच राहिले.

"वर गेलं की तू फोन करतोस," तुळजाबाई म्हणाली. "आन् ठिबक वाढवायचं असलं की जरा जास्त येळ करतोस."

दयानंदनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग उठून बांधावर गेला आणि लातूरच्या डॉक्टरांना फोन लावला. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. पाठ वाकवून, एका हातानं कपाळ धरून तो बराच वेळ ऐकत होता. परत आला आणि डबी घेऊन तिच्याशेजारी बसला.

"पहिल्या आकड्यावर आणायला सांगितलंय. तापाच्या आधी होतं तिथं. बोटातलं रक्त तपासून मगच सुरू करू."

त्यानं तिचं बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला, आकडा बघून मान हलवली. मग डबीची बटणं दाबली. तिला काही विचारलं नाही, कॅमेऱ्यापुढं धर म्हणाला नाही. टक टक टक, झालं. दुपारचं सगळं ठिबक उतरून जागेवर आलं, आणि उजेड एकदाही विझला नाही. एवढं झटकन होतं होय, तुळजाबाईला वाटलं. पदरातली बोरं घोंगड्यावर सांडली होती, ती तिनं एकेक उचलून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं एक तोंडात टाकलं. ते कोणत्या झाडाचं, हे त्यानं विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

सूर्य टेकला तशी शेताशेतातली माणसं गाडग्यांची ओझी घेऊन परत निघाली. दयानंदला रात्रीच नांदेड गाठायचं होतं. घरी येऊन त्यानं मोबाइल चार्जिंगचा काढून तिच्या हातात दिला, शिवकांताला बजावलं, बसलिंगप्पाचा नंबर घेतला. साखर सरळ आली याची दोनदा खात्री केली. सगळं नीट केलं. पण गाडीपाशी जाऊन घुटमळला, आणि आपला मोबाइल काढून काहीतरी लावत उभा राहिला.

"माय, हे बघ. आता चुकायचं न्हाई. रोज संध्याकाळी साडेपाचला ह्याच्यात घंटी वाजंल, 'माय' असं लिहून येईल. वाजली की मी फोन करणार. साखर कशीबी असू दे. अलार्मच लावून टाकलाय."

तो खूश दिसत होता. काहीतरी कायमचं मिटवल्यासारखा. तुळजाबाईनं मोबाइलमधली ती दोन अक्षरं वाचली. दुसरीपर्यंतची शाळा असली तरी तेवढं तिला वाचता येत होतं. मोबाइल तिनं त्याच्या खिशात परत घातला आणि खिसा वरून थापटला.

"ऐक दया. तू नालायक न्हाईस. तसं कुणी म्हणलं तर त्येचं तोंड मी रंगवीन. जीव हाय तुझा माझ्यावर, आज बगितला मी, तांब्या धरवत नव्हता तुला. पण तू आळशी हायेस. कामाला न्हाईस, काम तू मरमर करतोस. मायेला आळशी हायेस. साखर बगायची तर चकती लावलीस, आता माय आठवायची तर घंटी लावायलास. तुला स्वतःला काय करायचंय ते काय ठेवलंच न्हाईस. मला जे दिसलं ते सांगितलं. गाडी हळू ने."